जत्रेत दिसलास तेव्हा

प्रिय कोल्बी,

कोर्टाने आईचा आपल्या दोघांवरचा हक्क काढून घेतला. तू दत्तक गेलास, मी सरकारी वसतिगृहात राहिले. तुला भेटायची परवानगी मागायला कोर्टात गेले तर तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने तो आता तुझा भाऊ नाही गं."

काल लेक्सिंग्टनच्या जत्रेत तू मक्याचं कणीस खाताना दिसलास. मी हाक मारली.

"मम्मा, ही कोण?"

तुझ्या नव्या आईचा चेहरा पांढरा पडला. ती मला डोळ्यांनीच 'नको' म्हणाली.

"तू लहान होतास ना, तेव्हा मी तुला सांभाळायचे," मी एवढंच बोलले.

तू एकदम खुललास. "मग माझ्या ताईला ओळखत असशील! कुठाय ती?"

तुझ्या नव्या आईने तुला हाताला धरून नेलं. तू मागे वळून उत्तराची वाट बघत होतास.

तुझीच,
कॅसिडीताई