तुम्ही सोशिक नव्हतात, बाई

प्रिय बाई,

परवा समाजमंदिरात तुमची शोकसभा झाली. सरपंच बोलले, कारखान्याचे एक संचालक बोलले, शाळेचे गुरुजी बोलले. तिघांनीही तुम्हाला सोशिक म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी तुमची धाकटी जाऊ, घरची म्हणून पुढच्या रांगेत बसले होते. मला कुणी बोला म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तिथं माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून आज कागद घेतलाय. पोरांची पत्रं मी तुम्हाला वाचून दाखवायचे, तसं हेही मोठ्यानं वाचत लिहितेय.

सोशिक? तुम्ही?

दुष्काळाच्या साली आपण दोघी जावा, दोघे भाऊ, टोळीबरोबर ऊस तोडायला गेलो तेव्हा मी नवी होते. आष्टीकडच्या आपल्या गावात टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो, आणि तिकडं सहकारी कारखान्याच्या बागेत कारंजं उडत होतं. तुम्ही ते बघत उभ्या राहिलात. म्हणालात, "सुभे, हितल्या पाण्याला बी काम न्हाई बघ." त्या सबंध वर्षात मी एवढी कधी हसले नव्हते.

कारखान्याचा दवाखाना आठवतो? सभासदांच्या घरची माणसं आत, पंख्याखाली. टोळीची माणसं बाहेर ओट्यावर, आतलं सगळं आटोपल्यावर त्यांची पाळी. आणि आपण, मातंग वस्तीतले, म्हणून त्या ओट्यावरही नाही. आपल्यासाठी मागची खिडकी. कंपाउंडर तिथून विचारायचा, काय होतंय, आणि पदर पसरला की वरून गोळ्या टाकायचा. हाताला हात लागू नये एवढी काळजी तो नेमानं घ्यायचा. ताप असो, पोटात कळ असो, गोळ्या पांढऱ्याच.

मला दिवस गेले होते. आठवा सरला तसे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मोळी डोक्यावर घेतली की फड फिरायचा. खिडकीवर गेले, गोळ्या मिळाल्या. पुन्हा गेले, पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला तुम्ही बरोबर आलात.

त्या दिवशी आत एका सभासदाची सून तपासणीच्या टेबलावर झोपली होती. तिचेही दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काट्याकडं बघितलं आणि तिच्या सासूला सांगितलं, "हिला आता कामाला लावू नका." तुम्ही खिडकीच्या गजांतून हे सगळं बघत होतात.

कंपाउंडर गोळ्या घेऊन आला. तुम्ही पदर पसरलाच नाहीत.

"तिच्या दंडाला पट्टा बांधला. माझ्या जावंच्या कावून न्हाई?"

"ए बाई, तिचं निराळं. तुमच्या लोकांना सहन होतं."

"सहन होतंय म्हून दुखत न्हाई व्हय?"

तो पुढं काय म्हणाला ते मला आठवत नाही, कारण तुम्ही माझं मनगट धरून चालायला लागला होतात. ओट्यावरून, बसलेल्या माणसांमधून, सरळ दारातून आत. ती सून नुकतीच उतरली होती. तुम्ही मला त्या टेबलावर निजवलंत आणि माझ्या पायाशी उभ्या राहिलात. तिची सासू ओरडली. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. तुमचा आवाज मात्र चढला नाही.

"साहेब, एकदा हात लावून बघा. काय नसंल तर आमी जातो. न बघता जाणार न्हाई."

डॉक्टर रागानं पट्टा बांधत होते. काट्याकडं बघितलं आणि त्यांचा राग उतरला. पुन्हा फुगा दाबला, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "जीप काढा."

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मला शुद्ध नव्हती. मी वाचले, बाळ गेलं. मुलगी होती. तुम्ही तिला पाहिलंत, मी नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार उशीर केलात." तुम्ही विचारलंत, "कुणी?"

पहिल्याच खेपेला कुणी बघितलं असतं तर? मी पुढं दोन पोरांची आई झाले, पण हा प्रश्न माझा सुटला नाही. मी तो काढला की तुम्ही नुसतं माझं डोकं चोळून द्यायचात.

गुरुजींनी सांगितलं, बाईंनी सगळं मुकाट्यानं सोसलं. मग पुढच्या हंगामात काय झालं, हे त्यांना कुणीच सांगितलं नसेल का? गाळप सुरू करायला, गव्हाणीत पहिली मोळी टाकायला चेअरमन आले, तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढं जाऊन म्हणालात, "मागची खिडकी बंद करा, आमाला दारातून घ्या." ते हसून म्हणाले, बघू. तुम्ही झोपडी झोपडी फिरलात. आपल्या वस्तीच्या बाया लगेच तयार झाल्या. बाकीच्या म्हणाल्या, खिडकी तुमची हाय, आमचं काय? तुम्ही म्हणालात, "ओट्यावर बसून बसून तुमचं कितींदा पोरगं तापानं फणफणलं, ते आठवा." एका सकाळी एकही बाई फडात उतरली नाही. ट्रक रिकामे उभे. मुकादम शिव्या देत फिरला, टोळीत आलेला आपल्या थोरल्या नणंदेचा नवरा पाया पडला, उठा म्हणून. दुपार कलताना निरोप आला, सगळ्यांना दारातून, येईल त्या नंबरानं. खिडकीला आतून फळी मारली.

एवढं करून त्या कंपाउंडरशी तुम्ही नीट बोलायचात! मला राग यायचा.

तुम्हाला सुईची किती भीती होती, बाई! नारायणगडाच्या जत्रेत लस टोचायला बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीमागं दडलात. दुसऱ्याच्या दंडासाठी डॉक्टरांशी वाद घालणारी बाई स्वतःचा दंड पदरात झाकायची.

म्हणूनच गप्प बसलात का शेवटी?

छातीत कळ येत होती, डावा हात जड झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात एकट्याच गेलात. मला हाक का मारली नाहीत? दोन घरं सोडून तर मी राहते! परत आलात तेव्हा हातात पित्ताच्या गोळ्या. मी विचारलं, तपासलं का? तुम्ही म्हणालात, "न्हाई गं. कुठल्या वस्तीवरनं आलीस इचारलं, अन् मग वयानं व्हतंच म्हणला डागदर. लई दमलं व्हतं पोरगं, जाऊ दे."

जाऊ दे? माझ्यासाठी टेबल अडवलंत, आणि स्वतःसाठी जाऊ दे? दोन दिवसांनी चुलीपुढं बसल्या बसल्या गेलात.

मी त्या दवाखान्यात जाऊन आले. तो डॉक्टर खरंच पोरगाच आहे. मी त्याला सगळं सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आजी, रोज इतके पेशंट असतात." मी म्हटलं, "त्या इतक्यांमध्ये कुणाकुणाला वस्ती विचारता?" दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडं लेखी तक्रार दिलीय. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. उत्तर येईपर्यंत जात राहीन.

आता एक सांगायचंय. नाल्यापलीकडच्या पारधी वस्तीत मंजुळा म्हणून पोरगी आहे, सातवा महिना लागलाय. दवाखान्यात तिला, अंगाला वास येतो म्हणून, दाराबाहेर बसवतात. म्हणून तिनं जाणंच सोडलंय. काल मी तिच्या पालावर गेले. ती म्हणाली, "मावशे, तू त्या गेलेल्या मोठ्या बाईसारखं बोलशील ना माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "न्हाई. मला तसं जमत न्हाई. तुझं दुखणं तू सांगायचं. कुठं दुखतं, कधीपासून, सगळं."

"अन् त्यांनी ऐकलं न्हाई तर?"

"तर पुन्हा सांगायचं. मी हाय शेजारी."

गुरुवारी आम्ही दोघी जाणार आहोत. बाई, मी तुम्हाला शब्द देते, तिचं सगळं बोलून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही, आणि कुणाला उठू देणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुभद्रा