हलव्याचा मुकुट

प्रिय हेमांगी,

बोरन्हाणाच्या फोटोत अंतराच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट का नाही, असं तू विचारलंस आणि मी "फुटला" एवढंच म्हणालो. कसा फुटला ते लिहायला चार दिवस लागले.

ट्रेनिंगसाठी पुण्याला जाताना तू लेकीला आमच्याकडे ठेवलंस आणि तिची बाळखुर्ची आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलीस. दोनदा बजावलंस, "बाबा, ही पुढे आणायची नाही. पुढे एअरबॅग आहे." मी हसलो. बिर्लानगरभर तुला स्कूटरवर पुढे उभं करून फिरवलेला माणूस मी!

रविवारी दर्पण कॉलनीत उषाआत्याकडे बोरन्हाण. अंतराच्या अंगावर हलव्याचे दागिने, आणि हल्ली ती हाताला लागेल ते तोंडात घालते. एखादा दाणा घशात अडकला तर? तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला ते दिसणार नाही. म्हणून खुर्ची मी माझ्या शेजारी पुढे बांधली. तोंड मागेच ठेवलं. वाटलं, निम्मं तरी तुझं ऐकलं.

निघताना बाईसाहेबांनी डायपर भरला. आई तिला आत घेऊन गेली, जाता जाता मला टोमणा, "तोवर बोरं आणा. बोरन्हाणाला बोरंच विसरणारे तुम्ही एकटेच!" मुकुट खुर्चीत ठेवून, वर पट्टा लावून मी निघालो.

वळणावर उलट्या बाजूने लोडिंग टेम्पो येऊन धडकला. बार उडाल्यासारखा आवाज झाला. गाडीत पांढरा धूर. एअरबॅग खुर्चीच्या पाठीवर आदळली होती. जिथे अंतराचं डोकं टेकलं असतं, तिथे खुर्ची आरपार तडकली होती. मुकुटाचा भुगा झाला होता. टेम्पोवाला धावत आला, खुर्ची बघून ओरडला, "बाबूजी, बच्चा कहाँ है?"

मीही शोधू लागलो, हेमांगी. पायाशी, सीटखाली. ती घरी आहे हे आठवायला किती वेळ लागला, सांगता येत नाही.

मला नुसतं खरचटलं. आईला "बंपर गेला" म्हणालो आणि ऑटोने सगळे आत्याकडे गेलो. डोक्यावर बोरं पडताना अंतरा खिदळत होती. मला तिच्या डोक्याकडे बघवेना.

काल तू फोनवर म्हणालीस, "पोस्टिंग इकडेच मिळालं, सहा महिने अंतरा ग्वाल्हेरलाच राहू दे, तुमच्याजवळ असली की मी निश्चिंत असते." म्हणून हे लिहिलं. वाच आणि मग ठरव. तिला नेलंस, तर आईला कारण मी सांगेन. ती खुर्ची आता वापरायची नाही, पण टाकलेली नाही. तडा कुठे गेलाय, ते तू स्वतः बघ.

तुझाच,
बाबा