गाडी फसू नये म्हणून

प्रिय प्रेरणा,

तुला आणि निशांतरावांना अनेक आशीर्वाद. हातात फोन असताना आईला कागद कुठून सुचला, म्हणून हसशील. पण फोन लावला की तुझे बाबूजी कान देऊन ऐकत असतात, आणि काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलवत नाहीत. म्हणून सैपाकघरात पाटावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर बोलू नकोस, अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून पेन धरलाच नाही.

आधी अंगणातल्या लॉनची खबर देते. ते तयार झालं. आता भर पावसात त्यावर गाडी उभी राहते आणि चाक बोटभरही खाली जात नाही. तू म्हणशील, ही काय सांगायची गोष्ट झाली. पण या घरात दोन वर्षं दुसरा विषय नव्हता.

आठवीत असताना तू गोंदियाला एका बंगल्यापुढचं लॉन पाहून आलीस आणि आपल्याकडेही हवं म्हणून रुसून बसलीस. बाबूजींनी धानाच्या बांधीच्या कडेने, धुऱ्यावरून, हरळीचे गड्डे खणून आणले आणि तुम्ही बापलेकीने ते अंगणभर लावले. सारं गाव हसलं. घनश्यामभाऊ वावरातलं गवत उपटतात अन् घरी नेऊन लावतात, असं शेजारचा नंदलाल ज्याला त्याला सांगत फिरायचा. बाबूजींना त्याचं काही नव्हतं. तुझ्या हट्टापुढे त्यांची अक्कल कायमचीच गहाण होती.

मग तो श्रावणातला दिवस. त्याचं नाव तू काढत नाहीस, आजवर मीही काढलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा निशांतराव गाडी घेऊन आले. आदल्या दिवसापासून पावसाची झड लागलेली, माती आपली धानाची, गाडी त्या गवतावर वळली आणि पोटापर्यंत रुतली. नंदलालचा ट्रॅक्टर आला, बघे जमले, जावईबापूंचा एक बूट चिखलातच राहिला, आणि बाबूजी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "काऊन आणली गाडी अंदर? कोणाले विचारून आणली?" तू ते गाडीबद्दल ऐकलंच नाहीस. कोर्टात लग्न केलं म्हणून बाप दारात ऐकवतो आहे, असं तू ऐकलंस. गाडी निघाली तशी तुम्ही निघून गेलात. माझी खीरपुरीची ताटं वाढलेली तशीच राहिली. बाबूजीही जेवले नाहीत. जावई पहिल्यांदा दारात आला आणि उपाशी गेला, ही लाज त्यांना झोंबली होती आणि ती तुझ्यावर निघाली. लाज वाटली की हा माणूस ओरडतो, हे कळायला मलाही अर्धा संसार लागला.

मी म्हटलं, पोरीला फोन करा. म्हणाले, आधी गाडीला जागा करतो, मग बोलावतो. किती समजावलं, पण ऐकेल तो तुझा बाप कसला! तिरोड्याच्या पुतण्याने, कैलाशने सांगितलं, काकाजी, सिमेंट टाका, दोन दिवसांचं काम आहे. त्यावर एकच उत्तर: "पोरीनं लावलेलं गवत हाये ते. त्याच्यावर सिमेंट नाही पडू देत मी."

मग सुरू झाला खटाटोप. जन्मभर धानाचं खळं केलेला माणूस, त्याने लॉनचंही खळंच केलं. गवत बाजूला काढलं, मुरूम भरला, पाणी मारमारून धुम्मसाने ठोकला, वरून शेणाने सारवलासुद्धा. त्यावर हरळीचे गड्डे नेऊन ठेवले. जमीन अशी कडक झाली की हत्ती उभा राहावा. पण मूळ जाणार कुठे? सगळं गवत पिवळं पडून मेलं. मी म्हटलं, आता मळणी करा इथे. स्वतःच हसायला लागले. तू गेल्यावर पहिल्यांदा हसले ते.

पुन्हा सगळं उकरलं. कैलाशने फोनवर एक फोटो पाठवला होता, गोंदियातल्या एका लग्नाच्या लॉनचा. त्यात भोकं असलेले सिमेंटचे ठोकळे होते आणि भोकाभोकांतून गवत वर आलेलं. मग खाली गिट्टी, वर रेती आणि माती, त्यावर ते ठोकळे आणि भोकांत पुन्हा धुऱ्यावरचीच हरळी. फुलवंता रोवणीच्या बाया घेऊन आली. धानाचं रोप लावावं तशा ओळीने वाकून त्यांनी अंगणात गवत रोवलं. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली, म्हणाल्या, सुशिलाबाई, याला भात येईल का हो? बाबूजी मात्र बांधीवर उभं राहावं तसे उभे, ओळ सरळ आहे का बघत.

पाऊस पडून गेला की ते रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाक मारून गाडी आत लावायला सांगायचे. मास्तरांची गाडी, नंदलालचा ट्रॅक्टर, सगळं लावून झालं. गाडी गेली की खाली बसून चाकाच्या जागी बोट लावून बघायचे. फक्त तुळशीजवळची जागा कोणाला दिली नाही. तिथे खाट आडवी टाकून ठेवायचे. तिथलं गवत चाक न लागल्याने घोट्याच्या वर आलं आहे.

यंदाच्या पावसात रुतत नाही हे पक्कं झालं, आणि मला म्हणाले, पोळ्याला बोलाव दोघांना. त्याच आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी तुला फोनवर बीपी वाढलं आहे एवढंच सांगितलं, कारण डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं. पोरीने धावत यावं ते असं नको, असं त्या पकडीचं म्हणणं. आता त्यांची खाट छपरीत फाटकाकडे तोंड करून ठेवली आहे. रस्त्यावर हॉर्न वाजला की मान वळते.

परवा डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, घरच्यांना कळवून ठेवा. म्हणून हा कागद. तो दिवस आला की गाड्या येतीलच. कैलाश येईल, सौंदडचे पाहुणे येतील, आणि अंगण सगळ्यांना पेलेल, तेवढं त्यांनी ते पक्कं केलं आहे. तूही धावत येशील, तुळशीजवळची खाट सरकवून गाडी लावशील, आणि ती रुतणार नाही. पण ते बघायला ते नसतील. पोरी, त्या दिवसाच्या आधी ये.

ताटं वाढून वाट बघणारी,
तुझीच आई