रविवारी उघडलेला निधी

ग्लासगो, मंगळवार

प्रिय आई,

देव सांभाळतो आहे, मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? काळ्या मेंढीला कोकरं झाली का?

खोलीतला पाइप फुटला आणि घरमालकाने मला बाहेर काढलं, हे तुला कळवलं नव्हतं. सध्या माझ्या निम्म्या वयाचा वर्गमित्र केर याच्याकडे सोफ्यावर झोपतो. सोफा मऊ आहे, काळजी करू नकोस.

अशा अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचा तातडीचा निधी असतो. यंदा अर्ज फोनवरून भरायचे होते आणि ते रविवारी सकाळी सुरू झाले. केर हसला, "अरे म्हाताऱ्या, दोन मिनिटांचं काम! आण इकडे, मी भरतो." मी नको म्हटलं. रविवार देवाचा, त्या दिवशी दुसऱ्याकडून करवून घेतलेलं कामही कामच, ही तुझीच शिकवण. तू तर दोरीवरचे कपडेही सोमवारपर्यंत काढत नाहीस.

सोमवारी कचेरी उघडण्याआधीच मी दाराशी उभा होतो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, निधी कालच संपला. एवढी तातडी होती तर थांबलात कशाला?" मी आभार मानून निघालो. तो प्रश्न अजून डोक्यात आहे.

खोलीशिवाय नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं होणार नाही. आज कॉलेजातून नाव काढून घेतलं. शनिवारच्या बोटीने बेटावर घरी येतो.

रविवारी प्रार्थनेला तुझ्या शेजारी बसेन. चर्चच्या पाळकसाहेबांना कळलं की रविवार पाळला म्हणून ते सगळ्यांसमोर माझा दाखला देतील. देऊ देत. फक्त तू त्यावर आमेन म्हणू नकोस, आई.

तुझा,
टॉरमड