मीठ, कोळसा आणि तांबं

चाचा,

हे पत्र काही मागण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी तुमच्या जागी असतो तर पाकीट फोडण्याआधी हाच विचार केला असता, की इतक्या वर्षांनी याला आता काय पाहिजे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक जास्त गोड बोलायला लागलं की मी आधी त्याच्या हातांकडे पाहतो. पण तुम्हाला जाऊनही आता एवढी वर्षं झाली की शेगावात तुमच्या मोहल्ल्यात तुमचं नाव विचारलं तर पानवाला आत जाऊन आपल्या बापाला विचारून येतो. मी विचारून पाहिलं आहे. तेव्हा पाकीट फोडणारं कोणी नाही, आणि म्हणूनच बहुधा मला लिहायचं धाडस होत आहे.

मलकापुरात त्या काळी वीज म्हणजे कापसाच्या जिनातली वीज. सरकी काढायच्या यंत्रांसाठी इंजिन फिरायचं, इंजिनावर डायनामो, आणि डायनामोवर जिनाच्या साहेबांचा बंगला. हंगाम असेतो बंगल्यात उजेड, हंगाम सरला की कंदील. तुम्ही तिथले विजेचे मिस्त्री आणि मी तुमच्या हाताखालचा वायरमन, तेविशीतला, आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेला. माझी माय बंगल्यात स्वयंपाकाला होती. बाप लहानपणीच गेला होता. मोताळ्याकडचं गाव सोडून आम्ही दोघं जिनाच्या चाळीत एका खोलीत राहायचो, आणि ती खोली मायच्या नोकरीवर मिळालेली होती, माझ्या नाही. नोकरी गेली असती तर चूल आणि छप्पर एकाच दिवशी गेलं असतं. हे मी विसरावं असं मायनं कधी होऊ दिलं नाही.

तुम्ही मला हातानं कमी आणि कानानं जास्त शिकवलं. "कान लाव बे. सैल पेच चरचर करते, ओला तवा फुसफुस करते, अन् चांगली जोडणी मुकी ऱ्हायते. मुकीवर भरोसा ठेव, पण एकडाव हात मागं घेऊनच." माझे कान मुळातच तिखट. चाळीत चार खोल्या पलीकडे कोण कोणाबद्दल काय बोललं ते मला भिंतीतून ऐकू यायचं. तुम्ही त्या खोडीला कामाला लावलं. आजही दुकानात कोणी नुसतं बटण फिरवलं की मी पाठमोरा सांगतो, आत काय बिघडलं ते. लोक म्हणतात जादू आहे. मी म्हणतो सराव आहे. तुमचं नाव काही घेत नाही.

नवे साहेब मुंबईहून आले तेव्हा त्यांच्या सामानात ती विजेची चूल होती. पांढरी, चार तव्यांची, खाली भट्टीचं दार, आणि एका कोपऱ्याचा मुलामा उडून आतलं लोखंड दिसणारी. बैलबाजारात आल्यासारखे तुम्ही तिच्याभोवती फिरलात, वाकून तिच्या पोटाखाली पाहिलंत आणि मला हळूच म्हणालात, "कोणीतरी वैतागून इकलेली दिसते. हिचं अंग आधी जमिनीशी बांधू, मंग हिले जेवू घालू." अमावस्येला इंजिन बंद असायचं, म्हणून तोच दिवस धरला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून आपण खड्डा खणला. पहिली कुदळ मारताना तुम्ही नेहमीसारखं बिस्मिल्ला म्हणालात. तळाशी तांब्याचा पत्रा उभा केला, त्याला तार जखडली, भोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, परत कोळसा, परत मीठ, वरून पाणी. पत्रा मी माझ्या हातानं बसवला. चुलीच्या अंगात वीज फुटलीच, तर माणसाच्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत उतरावी, एवढाच त्याचा अर्थ. पण तो अर्थ तुम्हाला ठाऊक होता आणि मला ठाऊक होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माय पाहत होती, तिला आपल्यापैकी कोणी काही सांगितलं नाही. तिनं काय पाहिलं, हे मला फार उशिरा कळलं. अमावस्या, घराच्या पाठीशी खड्डा, मीठ, कोळसा, तांबं, आणि पुरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला चूल शिकवायला बसलात ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दाराशी, ती पदर खोचून मधोमध, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उगाच उभा.

"भाबी, हात कोरडे पाह्यजेत. पायाखाली लाकडाचा पाट. एक हात चुलीवर असला त दुसरा नळाले लावाचा नाई."

"मंग भाकर का पायानं थापू?"

"थापा हातानंच, पण हात पुसून मंगच बटणाले लावा. अन् तुमचा खोलगट तवा इथं चालत नाई, बुड सपाट पाह्यजे. रिकामं भांडं ठेवाचं नाई. दूध ठेवलं त चुलीपासून हलाचं नाई."

"झाल्यावर शांत कशी करू हिले? पाणी शिंपडू?"

"पाणी नाई दाखवाचं हिले. तापल्या तव्यावर पाणी पडलं त तडकते. बटण फिरवा, भिंतीवरचा खटका खाली वढा, अन् पूर्ण थंड झाल्यावर फडकं घट्ट पिळून पुसा. पोतेरं नाई फिरवाचं."

माय त्या काळ्या तव्यांवर वाकली. "जाळ नाई, धूर नाई, अन् भाजते. अशा वस्तूवर माणसानं भरोसा तरी कसा ठेवावा, मिस्त्री?"

"बिलकुल ठेवू नका," तुम्ही म्हणालात. "मीबी ठेवत नाई."

तुम्ही सावधगिरीचं बोललात, तिनं कबुली ऐकली. बसवणाराच भरोसा ठेवत नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत भाकरी एका अंगानं कच्ची आणि एका अंगानं करपलेली निघायला लागली, तिला ताप आला, बाईसाहेब दोनदा बोलल्या. माय धामणगाव बढ्याला भावाकडे जाऊन येते म्हणाली आणि दोन दिवसांनी परत आली ती एकदम शांत होऊन. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. माय शांत असली की काहीतरी करून आलेली असते.

मग ती दुपार. मी इंजिनाच्या खोलीत, तुम्ही बाहेर फ्यूजच्या पेटीपाशी, आणि बंगल्याकडून माळी पळत येतो. दूध उतू जाऊन तव्याच्या फटीतून आत गेलं होतं. माय अंगणात लाकडं मोजून घेत होती, म्हणून बाईसाहेबांनीच धावत येऊन एका हातानं भट्टीचं दार धरलं, दुसरा हात पितळी नळावर. फेकल्या गेल्या त्या. आपण पोचलो तेव्हा त्या स्टुलावर बसलेल्या, कोपर सुजलेलं. तुम्ही आधी खटका खाली ओढलात आणि मग त्यांची विचारपूस केलीत. तो क्रम मी कधी विसरलो नाही. मग तुम्ही मला म्हणालात, "खड्डा उघड."

माती भुसभुशीत होती, कोणी नुकतीच उकरल्यासारखी. कोपरभर खाली गेलो तरी कोळसा लागेना, मीठ लागेना. तारेचं टोक तेवढं वाकून वर आलेलं. आणि त्याच्या बाजूला दोन फाका केलेलं लिंबू, कुंकू लावलेलं, आणि थोडे उडीद. मी वर पाहिलं. साहेब कोपऱ्यावरून येत होते. तुम्ही चपलेनं माती ओढून लिंबू झाकलंत, इतक्या सहज, जसं कोणी विडीचं थोटूक विझवतो. मी ते पाहिलं. मी पाहिलं, हे तुम्ही पाहिलंत.

साहेब म्हणाले, "पत्रा कुठे आहे? मिस्त्री, तांबं विकलं का?"

"नहीं साहब. डालना रह गया. गलती मेरी."

"विसरलात? माझी बायको मरायची होती. तुम्हाला चोर म्हणू की मूर्ख म्हणू?"

"मूर्ख कहिए, साहब."

चाचा, तो पत्रा मी माझ्या हातानं बसवला होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यात माझी माय होती, आणि मायच्या मागे ती खोली. मी फावडं धरून उभा राहिलो.

साहेबांनी तुम्हाला कामावरून काढलं, आणि संध्याकाळी तुम्ही पिशवीत हत्यारं भरत होतात. मी दाराशी येऊन थांबलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नवा पत्रा दोन हात खोल पुर. अन् यावेळी भाबीले आधी दाखव, काय पुरून राह्यला ते. न सांगता पुरलं, ते आपलंच चुकलं." एवढं रागावून तुम्ही मला आयुष्यात कधी बोलला नव्हतात, आणि आवाज तर जराही चढलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून जिनाचा मिस्त्री मी. पुढं नागपूरहून परवाना आला, पुढं दुकान, पुढं लोक म्हणायला लागले की हा स्वतःच्या हिमतीवर वर आला.

त्या रात्री मायला विचारलं तर ती लपवायलाही गेली नाही. "करणी होती, धामणगावच्या भगतानं सांगतलं. कोळसा-मीठ उकिरड्यावर टाकलं अन् तांबं नळगंगेच्या डोहात सोडलं." मी सांगितलं की ते विजेचं होतं, परत हात लावू नको. तिचा चेहरा उतरला. "माह्यामुळं झालं का?" मी म्हणालो, नाही, दूध उतू गेलं म्हणून. "मंग मिस्त्री काऊन गेले?" "त्यांले शेगावले चांगली जागा भेटली." ते तिनं खरं मानलं. माझ्यावर संशय घ्यायचं तेवढं एकच काम तिला कधी जमलं नाही.

मला मात्र तुमचाच संशय येत राहिला. फुकट कोण कोणासाठी मूर्ख होतं? कधी वाटायचं, शेगावची जागा तुमच्या हातात आधीच होती आणि जाता जाता उपकार करून गेलात. कधी वाटायचं, हा माणूस एक दिवस येईल आणि एका शब्दात सगळं परत मागेल. म्हणून दुकान लावल्यावर तुम्ही खरंच दारात उभे राहिलात तेव्हा मी चहा सांगितला, पण मनात नकार तयार ठेवला. तुम्ही चहा घेतलात. मांडलेल्या चुलीचं बटण फिरवून कान लावलात. "तिसऱ्या तव्याचा पेच ढिला हाय." मग उठता उठता विचारलंत, "भाबीले अजून भेव वाटते का चुलीचं?" मी म्हणालो, ती आता बटण बंद केल्यावरही खटका ओढते, दोनदा पाहते. तुम्ही हसलात, म्हणालात बरं आहे, आणि गेलात. तुम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी वाट पाहिली, की आता मागे फिरतील, आता मागतील. तो पेच खरंच ढिला होता.

आता माझी गोष्ट. विजेची शेगडी न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बसवून सांगतो. हात कोरडे, पायाखाली पाट, थंड झाल्यावरच पुसा, आणि अर्थिंगशिवाय घरात नेऊ नका. लोकांना हे शेवटचं पटत नाही, जमिनीत पैसे पुरल्यासारखं वाटतं. तेव्हा मी एक किस्सा सांगतो. आमचे एक उस्ताद होते, मोठे कारागीर, पण एकदा पत्राच पुरायचा विसरले, आणि साहेबाची मडम मरता मरता वाचली. मी नक्कल फार छान करतो. लोक हसतात, घाबरतात थोडे, आणि अर्थिंगचं सामान घेऊनच जातात. किती घरं त्यामुळे वाचली असतील, असं मी स्वतःला सांगतो, आणि ते खोटंही नाही.

माय गेली त्याला आता तीन वर्षं झाली. खोली नाही, जिन नाही, झाकायचं कोणी उरलं नाही. म्हणून काल, मोताळ्याहून एक नवरा-बायको आले होते, नवीन संसार, मी ठरवलं की यांना खरं सांगायचं. उस्ताद विसरले नव्हते, माझ्या मायनं काढलं होतं, कारण आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. सुरुवात केली. "आमच्या घरात एक म्हातारी होती, तिनं करणी समजून पुरलेला पत्राच उपटला," एवढं म्हणालो, तर त्या मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि मला ऐकू आलं, ती सासूबद्दल पुटपुटली, "आपल्या आत्याबाईबी असंच करतीन, राहू द्या ना घेणं." नवरा उठायला लागला. मी तोंडावर हसू आणलं, त्याला परत बसवलं, आणि काल पुन्हा, चाचा, तुम्हीच विसरलात.