देवीला दुसरा प्रश्न विचारण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र (उपकेंद्र : वेळकोंड),
ता. व जि. रत्नागिरी.

अर्जदार : सौ. मनस्वी संदेश घवाळी, शिक्षण बी.कॉम., रा. वेळकोंड, वरची वाडी.

विषय : पतीच्या आतड्याच्या तपासणीसाठी ग्रामदेवीचा कौल आपल्या उपस्थितीत नव्याने लावून मिळण्याबाबत.

संदर्भ : रत्नागिरीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

महोदय,

१. अर्जदार लग्न होऊन या घरात आली तेव्हा शेजारच्या मथुराकाकींनी तिला विहिरीवर गाठून सांगितले होते, "ह्या घरातले पुरुष पोटानं जातात गो. सासरा तुझा चाळिशी उलटली नि गेला, त्याचा भाऊस पण तसाच. नवऱ्याच्या पोटाकडे लक्ष ठेव." नवी सून दिसली की बायका काहीतरी घाबरवतातच, असे समजून अर्जदाराने ते हसण्यावारी नेले.

२. अर्जदाराचे पती श्री. संदेश, वय चौतीस, स्वतःचा टेम्पो चालवतात. हंगामात पावसची आंब्याची खोकी, एरवी राजापूरकडचा मिळेल तो माल. जेवणाला वेळ नाही. वडापाव, फरसाण आणि बाटलीतले गोड पाणी यांवर दिवस निघतो. पोट बिघडलेले असणे हाच त्यांचा नेहमीचा प्रकार. गेल्या उन्हाळ्यात त्यांना शौचाला लाल दिसू लागले. तेव्हा घरात रातांबे फोडणे चालू होते. सासूबाई सोनूबाई म्हणाल्या, "तांब्यातांब्यानं कोकम पितोस, मग काय पांढरं पडेल?" सगळे हसले, अर्जदारही हसली. पुढे रातांबे संपले, पाऊस येऊन गेला, घरात कोकमाचे सरबत उरले नाही; लाल मात्र थांबले नाही. मग ती उष्णता ठरली, मग मूळव्याध ठरली, ताक आणि कसलासा पाला झाला. आता त्यांच्या पट्ट्याला नवी भोके पाडावी लागली आहेत.

३. शेवटी अर्जदाराने, मुलाला लस द्यायची आहे असे सांगून, पतीला रत्नागिरीस नेले. तेथील डॉक्टरांनी आधी वय विचारले, मग वडील कशाने आणि कोणत्या वयात गेले ते विचारले, आणि लिहिणे थांबवले. मूळव्याध असेलही, परंतु वडिलांचा इतिहास पाहता आतड्यात दुर्बीण घालून पाहिल्याखेरीज तसे म्हणता येणार नाही, असे ते म्हणाले. हा आजार आता तरुणांतही दिसतो आणि लवकर सापडला तर बरा होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितले. तपासणी सोमवार, दि. १९ रोजी ठरली आहे. आदल्या दिवशी पोट साफ करण्यासाठी घ्यायचे औषध अर्जदाराने तांदळाच्या डब्यात ठेवले आहे, कारण उघड्यावर ठेवलेले सासूबाईंनी एकदा परड्यात ओतले.

४. असे का झाले, ते लिहिणे भाग आहे. दवाखान्यातून परतताच पती घरी न येता थेट देवळात गेले. गुरवांनी गाऱ्हाणे घातले की, "ह्या लेकराच्या पोटात बापाचं दुखणं नसेल, तर उजवा कौल दे." देवीला लावलेल्या कळ्यांपैकी उजवीकडची पडली. पतींनी वाडीत पेढे वाटले, टेम्पोला हार घातला आणि अर्जदारास म्हणाले, "झालं समाधान? देवीपेक्षा तुझा डॉक्टर शाना काय?" त्या दिवशी ते बऱ्याच काळाने पोटभर जेवले. इतके मोकळे हसताना त्यांना पाहून अर्जदाराने ताटात आणखी भात वाढला. तपासणीचा विषय तिने अजून पुन्हा काढलेला नाही.

५. अर्जदाराची अडचण अशी. ती जा म्हणाली, तर ती देवीला खोटे पाडते. गप्प राहिली, तर जे दिसते ते पाहत बसावे लागते. सासूबाईंनी बजावले आहे, "देवीनं नाय सांगितलंन नि तू नेलंस, तर जे होईल ते तुझ्या माथी." त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांनी नवऱ्याला मुंबईच्या इस्पितळात नेले होते आणि परत आणले ते कसे, हे त्या अजून कोणाला सांगत नाहीत. माहेरी फोन केला, तर भावाने सुचवले की गुरवाला गाठून कळी हवी तशी लावून घे. गुरव तसे करणारे नव्हेत. आणि तसे केले, तर उद्या मुलाला ताप आला असता अर्जदाराने कोणापुढे हात जोडायचे?

६. मात्र अर्जदाराने पुष्कळ विचार केला असता असे लक्षात आले की, देवीला आजार आहे का एवढेच विचारले गेले. डॉक्टरांकडे जाऊ का, हे कोणी विचारलेच नाही. देवीचा शब्द खरा असेल, तर तपासणीत काही निघणार नाही आणि देवीचा मान राहील. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाने पहिल्या उत्तराला बाध येत नाही. परंतु हा प्रश्न घालणार कोण? घरच्या सुनेने कौल मागण्याची रीत आमच्याकडे नाही. पती मागणार नाहीत. आपणास शिमग्यात पालखीपुढे मानाचा नारळ मिळालेला आहे, त्यामुळे आपण गाऱ्हाणे घालण्यास सांगितले, तर गुरव नाही म्हणणार नाहीत.

७. सबब विनंती की, येत्या गुरुवारी आपण उपकेंद्रावर येता तेव्हा देवळात थांबून, "संदेशला तपासणीस नेऊ का?" एवढाच कौल लावून घ्यावा. एका वैद्यकीय अधिकाऱ्यास असा अर्ज करणे कितपत शोभते, हे अर्जदारास कळते. नारळ आणि विडा ती आणून ठेवील. आपला विश्वास नसल्यास नसावा. प्रश्न विचारण्यास तो लागत नाही.

८. कौल डावा झाला तर काय, हेही अर्जदाराच्या मनात येते. त्यापुढे तिला सुचत नाही. मुलगा ऋत्विक चार वर्षांचा आहे. त्याने शौचाला हाक मारली की अर्जदार हातातले टाकून धावते आणि आधी रंग पाहते. त्यालाही आता सवय झाली आहे. परवा तो स्वतःच वाकून पाहून ओरडला, "आई, लाल नाय!" पती ओटीवर होते. त्यांनी ऐकले आणि टेम्पो धुवायला उठून गेले.

९. म्हणून, कौल उजवा होवो वा डावा, आणि आपणास देवळात येणे जमो वा न जमो, एवढे करावे. गुरुवारी उपकेंद्रासमोर पतींचा टेम्पो उभा असतो. आपण हाक मारल्यास ते चहा आणून देतील. आपल्याविषयी त्यांना आदर आहे. कप घेताना त्यांची नखे पाहावीत. अर्जदाराला ती कागदासारखी पांढरी दिसतात. घरात बाकी कोणाला दिसत नाहीत. आपणही एकदा पाहावे, आणि तशीच दिसल्यास कप खाली ठेवावा, पण त्यांचा हात सोडू नये.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
सौ. मनस्वी संदेश घवाळी
वेळकोंड, दि. १२ मे २०२५

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. (मूळ चिठ्ठी औषधासोबत डब्यात आहे.)

ता. क. : या अर्जाचे उत्तर कृपया घरी पाठवू नये.