शांत कॅबिनेट

१२ एप्रिल
बायकोला, दिपालीला, स्वतःची पहिली ऑर्डर मिळाली. लूमवाल्या अस्लमभाईंना साडीच्या काठांची बारा डिझाइन्स हवीत, वीस तारखेपर्यंत. आवडली तर पुढचं काम कायम तिलाच. म्हणजे खरी जबाबदारी माझी. आमच्या कम्प्युटरचा पंखा घरघरतो. अशात कला होत नाही. नवीन कॅबिनेट, म्हणजे कम्प्युटरचा बाहेरचा डबा, आणणार. दिपाली म्हणाली, भिंतीपलीकडे चोवीस लूम खडखडतायत, त्यात तुम्हाला पंखा ऐकू येतो? येतो. लूम सवयीचे आहेत. पंखा अपमान करतो.

१३ एप्रिल
अकरा व्हिडिओ बघून दुकानात गेलो. दुकानदार शैलेश म्हणाला, पुढे जाळीवालं घ्या. हवा खेळली की पंखे हळू फिरतात, आवाजही कमी. मी म्हटलं, जाळीतून नारपोलीच्या लूमची सगळी रुई आत येईल. म्हणाला, फिल्टर असतो, आठवड्याला झटकायचा. मी झटकणारा माणूस नव्हे. पुढे भरीव दार, आतून फोम, असं घेतलं.

१५ एप्रिल
स्वतः जोडलं. संपूर्ण शांतता! बटणाची वायर लावायची राहिली होती. लावली. तरीही शांतता. पंखे सगळ्यात कमी स्पीडला ठेवलेत. शैलेशला फोटो पाठवला. उत्तर नाही. जळला असेल.

१६ एप्रिल, दुपारी दीड
कम्प्युटर आपोआप बंद. दिपालीचं चौथं डिझाइन अर्धं गेलं. मी व्होल्टेज म्हणालो. ती म्हणाली, वर हात लावून बघा. लावला. लगेच काढला, पण चटका बसला म्हणून नव्हे.

१७ एप्रिल
तीनदा बंद. दिपाली दर पाच मिनिटांनी सेव्ह करते आणि दर वेळी माझ्याकडे बघते. माझं मत: पंख्यांच्या मोटरींमुळेच आत उष्णता वाढते. एक पंखा काढला.
चारदा बंद.

१८ एप्रिल
पडघ्याच्या गोडाऊनमधून ड्युटी करून आलो, तर कॅबिनेटची दारं पलंगाखाली. शेजारच्या सीताबाईंचा टेबलफॅन थेट मदरबोर्डवर. दिवसभरात कम्प्युटर एकदाही बंद पडला नाही म्हणे. मी रुईबद्दल बोललो. आवाजाबद्दल बोललो. फोमच्या जाडीबद्दल सविस्तर बोललो. दिपाली मान न वळवता म्हणाली, मला फक्त तुमचा आवाज येतोय.

२० एप्रिल
बारा डिझाइन्स वेळेत गेली. अस्लमभाईंचा फोन आला. ‘भाभी, बहोत बढिया’ म्हणाले. कायमचं काम दिलं. दिपालीने फोन ठेवला. डोळे पुसले. मीही खूश. उपकरण माझंच होतं.

२२ एप्रिल
काम वाढलं. दिपालीने खोलीची नवी मांडणी केली. टेबल तिचं, फॅन तिचा. कामाच्या वेळेत मी जिन्यात बसायचं ठरलंय. ठरवलं मीच, तिने सांगितल्यावर. खुर्ची जिन्यात मावत नाही, म्हणून पायरीवर बसून लिहितोय.
इथे हवा चांगली खेळते. पण आवाज फार.